बांबूची दांडी

माझ्या धाकट्या मुलीचे लग्न झाले त्या वर्षाची गोष्ट. लग्नाची गडबड ओसरली होती, उसनी आणलेली भांडी ज्याची त्याला परत गेली होती, आणि मी माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या खोलीत तिच्या कामाच्या टेबलाचा हलणारा पाय पाचर मारून पक्का करत होतो. वर आक्का एका गिऱ्हाइकाच्या रेकॉर्ड प्लेअरची दांडी तोलत बसली होती. टेबलाखाली वाकलो असताना वरून एक बारीक आवाज आला, टक्. मग काहीच नाही. कामात चूक झाली की आक्का लगेच स्वतःला शिवी घालायची. या वेळी तिने घातली नाही, म्हणून मी डोके बाहेर काढले.

सुई मोडली होती. आक्काचा उजवा हात टेबलावर होता आणि वाऱ्यावर पान हलावे तसा आपोआप हलत होता. ती त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा तरी हात असावा तशी बघत होती.

"टेबल हललं का रे?" तिने विचारले.

मी म्हणालो, "हो. माझाच धक्का लागला."

"खोटं बोलू नकोस. सुताराला खोटं जमत नाही, सांधा लगेच दिसतो."

रेकॉर्ड प्लेअर म्हटले की लोकांना फिरणारी तबकडी दिसते. आक्का म्हणायची, फिरण्यात काय मोठेपणा, भोवराही फिरतो. खरे काम त्या दांडीचे. एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला वजन, मध्ये टेकू. म्हणजे तराजूच. सुई रेकॉर्डच्या चरीत बसली पाहिजे, पण तिने चर खरवडता कामा नये. वजन जास्त झाले तर सुई नांगरासारखी रुतते, हे कुणालाही कळते. पण वजन कमी झाले तर ती चरीत न बसता दोन्ही भिंतींवर आपटत जाते आणि जास्त नासधूस करते, हे सांगूनही पटत नाही. गिऱ्हाइके दोन्ही टोके गाठत. कुणी सुई उडते म्हणून दांडीच्या डोक्यावर नाणे चिकटवून आणी. कुणी वडिलांच्या वेळची रेकॉर्ड जपायची म्हणून वजन इतके कमी करी की सुई नुसती वरवर नाचे. अशी रेकॉर्ड आक्का उजेडात तिरकी धरायची आणि म्हणायची, "जपून जपून मारलंय हिला."

हे सगळे ती कारखान्यात शिकली होती. तिथे रेकॉर्ड प्लेअर बनत, आणि दांड्या तोलायला बायकांची एक लांब ओळ बसे. आधी मागचे वजन पुढेमागे करून दांडी अशी करायची की ती वर जात नाही, खाली येत नाही, हवेत तरंगते. मग तिच्यावर हलकी फुंकर मारायची. दांडी सरकून जिथे थांबेल तिथेच राहिली की तोल साधला. त्यानंतर वजन थोडे पुढे घ्यायचे, म्हणजे सुईला हवा तेवढा भार मिळतो. ही ओळ श्वास रोखून काम करायची. मध्येच एखादी शिंकली की शेजारच्या चौघींचा तोल बिघडे आणि शिंकणारीच्या सात पिढ्यांचा उद्धार होई.

कारखाना बंद पडला तेव्हा भावजी जाऊन वर्ष झाले होते आणि मुलगा शाळेत होता. आक्काने बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली आणि दुरुस्तीला बसली. त्या खोलीवर मुलगा शिकला, त्याने औषधांचे दुकान टाकले, लग्न केले, डोक्यावरचे केस घालवले. तरी आक्का त्याला भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर बाळ्याच म्हणायची आणि तोही ओ द्यायचा.

बाळ्याने तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेले. कंप आहे, गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतर घरात सगळे आक्काशी काचेच्या भांड्याशी वागावे तसे वागू लागले. घरमालक खोलीचा करार पुढे चालवायचा का ते विचारत होता. शेजारच्या शिंप्याला ती जागा हवीच होती. बाळ्या एका संध्याकाळी खोलीवर येऊन बसला. मीही होतो. त्याने आधी गोळ्या घेतल्या का विचारले, मग हवापाण्याचे बोलला, मग मुद्द्यावर आला.

"आई, आता पुरे कर. तुझं टेबल घरी आणू, खिडकीपाशी मांडू."

"आणि त्यावर काय करू? शेंगा सोलू?"

"तिला जरा मदत होईल घरात."

"कुणाला, तुझ्या बायकोला? ती मला चहा अर्धा कप देते. सांडेल म्हणून. उरलेला अर्धा मागून आणते, तोही फुंकून."

बाळ्या हसला नाही. त्याला आईचे भय वाटत होते, आणि आईबद्दलही. माझ्याकडे बघून म्हणाला, मामा तुम्ही तरी सांगा. मी पाचर तासत राहिलो. बहीण-भावाच्या नात्यात काही गोष्टींत तोंड घालायचे नसते, हे मी लहानपणीच मार खाऊन शिकलो होतो.

त्याच आठवड्यात संगीत शाळेच्या ग्रंथपालबाई आल्या. आक्का त्यांच्या शाळेची यंत्रे पूर्वीपासून दुरुस्त करायची. शाळेच्या जुन्या शिक्षकांनी शिकवण्या घेताना तिथल्या तिथे रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, आणि त्या प्रत्येकीची एकच प्रत होती. कपाट भिंतीच्या उन्हाच्या बाजूला होते. इतक्या वर्षांत रेकॉर्डी वाकल्या होत्या, पापडासारख्या. त्या एकदा वाजवून त्यांचा आवाज दुसरीकडे उतरवून घ्यायचा होता. पण कुठल्याही यंत्रावर लावल्या तरी उंचवटा आला की सुई उडे. वर त्या इतक्या नाजूक की पुन्हा पुन्हा वाजवून बघण्याची सोय नाही. बाईंनी दोन रेकॉर्डी सोबत आणल्या होत्या. एक आधीच खराब झालेली, प्रयोगाला. दुसरी खरी. ती नीट वाजली तर सगळे कपाट आक्काकडे येणार होते, आणि ते काम वर्षभर पुरले असते.

आक्काने खराब रेकॉर्ड डोळ्यांच्या रेषेत धरली. मी फळीचा बाक बघतो तशीच. मग म्हणाली, "तयार दांडी चालायची नाही. हिच्यासाठी नवीन करावी लागेल."

बाळ्याला हे कळले तेव्हा त्याने एक अट घातली. हे काम तुझ्या हाताने झाले तर खोली ठेवू, कराराला मीच जाईन. पण तुझ्याच हाताने. मामाने करून दिलेले चालायचे नाही. नाही झाले, तर महिनाअखेर शिंप्याला किल्ली. त्याला वाटले असावे, आई चिडेल. आक्का म्हणाली, बरोबर आहे. मीही तुझ्या जागी हेच म्हटले असते. आणि लगेच मला म्हणाली, "तुझी ती गळाची काठी कुठंय?"

माझी मासे पकडायची बांबूची काठी होती, टोकाकडे निमुळती होत जाणारी. आक्काला तेच हवे होते. वाकलेल्या रेकॉर्डवर दांडी वरखाली झाली पाहिजे आणि त्यासाठी ती हलकी हवी. लोखंडी नळी हलकी केली तर आवाजाने घुमते. जुना, वाळलेला बांबू हलका, ताठ आणि मुका. तिने काठी तीन जागी बोटाने वाजवून बघितली आणि मधला तुकडा कापायला सांगितला. कापायचे काम माझे. त्याला बाळ्याची हरकत नव्हती, कारण लाकूड कापणे वेगळे आणि तोलणे वेगळे, हे त्यालाही कळत होते.

मग सुई बसते ते डोके किती तिरके लावायचे यावर आमचे दोन दिवस वाजले. रेकॉर्ड कापताना कापणारी सुई कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत जाते. वाजवणारी दांडी मात्र बिजागरीवरच्या दारासारखी फिरते, म्हणजे कमानीत जाते. त्यामुळे सुई चरीला थोडी तिरपी पडतेच. डोके वळवून आणि दांडी लांब करून तो तिरपेपणा कमी करता येतो, नाहीसा होत नाही. मी म्हणालो, सुतारकामात असे चालत नाही, काटकोन म्हणजे काटकोन. आक्का म्हणाली, "म्हणून तर तुझ्या खुर्च्यांवर बसलं की पाठ दुखते."

खरी अडचण दांडीची नव्हती, हाताची होती. दांडी तोलताना मागचे वजन केसभर सरकवायचे असते. आक्काचा हात आता बोटभर हलत होता. त्यावर तिने रात्रंदिवस विचार केला असणार, कारण एका सकाळी तिने मला थेट लेथवाल्याकडे नेले. हा लेथवाला तिच्याच कारखान्यातला, जिभेने तिखट आणि कामात चोख. आक्काने त्याला पितळेचा स्क्रू मागितला, लांब, आणि आटे इतके बारीक की नखाला कळू नयेत. वजन त्या स्क्रूवर चढवायचे. म्हणजे वजनाला पूर्ण एक फेरा दिला तरी ते जेमतेम केसभर सरकेल. हात थरथरून पाव फेरा इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही.

लेथवाला म्हणाला, आक्का, एवढे बारीक आटे घड्याळजी मागतो. तू काय घड्याळ करतेस का?

"नाही, मला उशीर झालाय तेवढा पुरे," आक्का म्हणाली. "तू काप."

दांडीचा टेकू तिने एकाच टोकावर घेतला. खाली एक छोटी वाटी, वाटीत टोकदार खिळा, त्यावर दांडी टेकलेली, आणि वाटीत मधासारखे घट्ट तेल. दोरावरून चालणारा जशी आडवी काठी धरतो, तशी दोन बाजूंना दोन छोटी वजने खाली लोंबती ठेवली. त्यामुळे दांडी कलंडत नव्हती. तेलामुळे तिला झटका बसत नव्हता. बोट लागले तरी ती सावकाश, विचार करून हलायची. सुई खाली सोडायला एक खटका केला, त्यातही तेच तेल. खटका दाबला की दांडी आपोआप हळू उतरे. फिरणारी रेकॉर्ड दांडीला मध्याकडे ओढते, तिला बाहेर धरायला दोऱ्याला गळाची शिशाची एक गोळी बांधली. बघणाऱ्याला ते सगळे पोरखेळ वाटले असते. मला तर वाटलेच.

परीक्षेच्या दिवशी सकाळी बाळ्या दुकान बायकोवर सोपवून आला. ग्रंथपालबाई दुपारी येणार होत्या. त्याआधी आक्काने खराब रेकॉर्ड लावून बघायची ठरवली. दांडी तिने आदल्या दिवशी एकटीने, दार लावून तोलली होती. तिने खटका दाबला. दांडी उतरली. आधी खरखर, मग एक सूर, आणि पहिला उंचवटा येताच सुई उडाली. पुन्हा टेकली, किंचाळली, पुन्हा उडाली. आक्काने दांडी वर घेतली आणि पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने लावली नाही.

बाळ्या उठला. त्याने खुंटीवरची तिची पिशवी काढली, तिच्या चपला पायांजवळ आणून ठेवल्या.

"चल आई. घरी जाऊ."

हे त्याने इतक्या हळू म्हटले की मला त्याने ओरडायला हवे होते असे वाटले. आक्काने तोंड पुसायला खिशातून रुमाल काढला. रुमालाबरोबर एक पांढरी चिमुकली टोपी टेबलावर पडली. सुई मोडू नये म्हणून तिच्यावर बसवतात ती. आक्काने टोपीकडे बघितले आणि खूप वेळ बघत राहिली.

"बस खाली बाळ्या," ती म्हणाली. "ही टोपी घालून तोललं मी."

"म्हणजे काय?"

"टोपीला वजन असतं. ती सुईवर ठेवून तोल साधला. आता टोपी काढली, तर तेवढा भार सुईवरून गेला. म्हणून नाचते ती. कारखान्यात नव्या पोरी करायच्या असं, पहिल्या आठवड्यात. आम्ही त्यांना टोपीवाली म्हणायचो आणि सगळ्या ओळीला चहा पाजायला लावायचो."

"मग विसरलीस. विसरतं माणूस."

"विसरले नाही. टोपी काढायला गेले, तेव्हा हात हलला. वाटलं, सुई मोडेल. म्हटलं, आधी टोपीसकट तोलून घेऊ. म्हणजे मला माहीत होतं आणि तरी केलं. हात नाही चुकला रे. भ्याले मी."

बाळ्या पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसला. आक्काने सगळे पहिल्यापासून काढले. सुई उघडी ठेवली. शिशाची गोळी सोडवली. मी दोरा धरायला पुढे झालो, तर तिने नुसते बघितले आणि मी मागे झालो. तिचा हात त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त हलत होता. मागच्या वजनाला तिने बोट लावले आणि फिरवू लागली. बोट घसरे, पुन्हा लागे, कधी उलटेच फिरे. वजन मात्र मुंगीच्या पायाने सरकत होते. एकदा तिच्या मनगटाचा झटका दांडीला बसला. बाळ्या अर्धा उठला. दांडी तेलात सावकाश डुलली, सुई तबकडीवरच्या रबराच्या चटईच्या अगदी वर येऊन थांबली आणि परत गेली. आक्काचे बोट वजनावरून हलले नव्हते.

असे किती वेळ चालले ते सांगता येणार नाही. शेजारच्या शिंप्याचे मशीन मध्ये थांबून पुन्हा सुरू झाले होते. शेवटी आक्काने हात मागे घेतला, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि दांडीवर फुंकर मारली. दांडी सरकली, मंदावली आणि थांबली. तिथेच राहिली. आक्काने मोजून फेरे दिले, गोळी पुन्हा बांधली आणि खराब रेकॉर्ड लावली. रेकॉर्ड खराबच होती, पण सुई उडाली नाही. लाटेवर होडी जावी तशी दांडी उंचवट्यावर चढत होती, उतरत होती.

"आता चहा सांग," आक्का म्हणाली. "आणि पूर्ण कप."

ग्रंथपालबाई आल्या त्या जीव मुठीत धरूनच. खरी रेकॉर्ड त्यांनी स्वतः तबकडीवर ठेवली. आक्काने एकदा विचारले, लावू? त्यांनी मान हलवली. खटका खाली गेला. एका माणसाचा घोगरा आवाज आला, त्यामागे पोरीचा कोवळा गळा. ती पोर सूर लावे, तो तिला थांबवी, म्हणे, पुन्हा, घाई नको. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी खोकले. पोरीने पुन्हा सूर लावला आणि या वेळी तो तिला थांबवायचा विसरला. रेकॉर्ड संपेपर्यंत बाई उभ्याच होत्या. बसा म्हणायचे आमच्यापैकी कुणाला सुचले नाही. शेवटी त्यांनी एवढेच विचारले की बाकीच्या रेकॉर्डी उद्या पाठवल्या तर चालतील का. बाळ्या म्हणाला, आजच पाठवा, आई उद्या लवकर येते खोलीवर. मग तो घरमालकाकडे गेला.

त्यानंतर आक्का रोज खोलीवर जाई. कपाटातले खोके येत, वाजत, परत जात. गोळ्या वाढल्या. हाताचा कंप खांद्यापर्यंत गेला. तिने त्याप्रमाणे कामाची वेळ बदलली. सकाळची गोळी लागू पडली की जो अवधी मिळे, त्यात ती दांडी तोले आणि उरलेला दिवस नुसती वाजवे. घरी सूनबाई कप पूर्ण भरून देऊ लागली. त्यातला थोडा सांडे, मग पुसला जाई.

कपाट संपत आले होते, शेवटचे खोके उरले होते. एका सकाळी आक्का बाळ्याच्या दुकानात आली. ती त्या वेळी कधीच येत नसे, म्हणून बाळ्या गल्ला सोडून पुढे आला. पुढचे मला त्याने सांगितले आहे.

आक्का म्हणाली, "बाळ्या, आज मला दांडी तोलता आली नाही. थांबून थांबून पुन्हा बसले, नाहीच झालं. खोली सोडतो म्हणून सांग."

बाळ्या म्हणाला, आई, एक दिवस नाही जमले म्हणून काय झाले, उद्या बघ. थोड्याच तर राहिल्यात, मामा करतील. अट मी घातली होती, मीच मोडतो. खोलीत होते कोण, कुणी बघितलेसुद्धा नाही.

"कुणी बघितलं नाही म्हणून तर सांगायला आले," आक्का म्हणाली. मग तिने त्याला बाजूला सरकायला सांगितले. मागे एक माणूस खोकल्याच्या औषधासाठी केव्हाचा उभा होता.

उरलेल्या रेकॉर्डी आणि ती दांडी मी संगीत शाळेत नेऊन दिली. तिथल्या एका शिक्षकाला तोलायचे कसे ते आक्काने स्टुलावर बसून, हात न लावता, नुसते तोंडाने शिकवले. तो शिकला. खोके संपले.

आक्का त्यानंतर दीड वर्षाने गेली. मार्च महिना होता, गुरुवार, सकाळची वेळ.